साताठ वर्षं उभं असलेलं डिझेल इंजिन: चालू करण्याआधी ते बंद कसं करणार, हे ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर साताठ वर्षं शेडमध्ये एकाच जागी उभा आहे. उभा केला तेव्हा उत्तम चालत होता, बिघाड म्हणून बंद ठेवलेला नाही. नवी बॅटरी आणून ठेवली आहे, टाकीत तळाला थोडं जुनं डिझेल आहे. आता सेल्फ मारून बघावा, की दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढावा?

आत्ता दोन्ही करू नका. बॅटरी बाजूला ठेवा आणि दोर गुंडाळून ठेवा.

चालत्या स्थितीत उभं केलेलं इंजिन बहुतेक वेळा वाचण्याजोगं असतं. उभं राहून त्याचं जे होतं ते असं: बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंज धरतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, एखादा व्हॉल्व्ह गाईडमध्ये अडकतो, पंपात डिझेलचा डिंक होतो, चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) पाणी उतरतं, बेअरिंगांवरचं ऑइल ओघळून जातं. यातलं काहीही इंजिनाचा जीव घेणारं नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, रिंग तुटते, पुशरॉड मोडतो, पंपाची शाफ्ट तुटते, ते सगळं पहिल्या मिनिटात जबरदस्तीनं फिरवल्यामुळे. सेल्फला आत काय अडकलंय ते कळत नाही. ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तर त्याहून कळत नाही. तुमच्या मनगटाला मात्र कळतं. म्हणून सुरुवातीचं सगळं काम हातानं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. सगळ्यांचं मन "चालू होईल का?" यात अडकलेलं असतं. मी आधी विचारतो, चालू झालं तर बंद होईल का? पेट्रोल इंजिनाची ठिणगी तोडली की ते थांबतं. डिझेलला ठिणगीच नसते. दाबलेली हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात पडलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे ते थांबवायचं तर डिझेल तोडायचं किंवा हवा तोडायची, तिसरा भरवशाचा मार्ग नाही. आणि तुमच्या हातातला स्टॉपचा दांडा थेट डिझेल तोडत नाही, तो पंपातल्या रॅकला किंवा मीटरिंग व्हॉल्व्हला (किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या भागाला) हलवतो. तो भागच डिंकानं धरला असेल तर दांडा नुसता हातात येतो.

शिवाय मेकॅनिकल गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारी यंत्रणा) असलेल्या पंपात इंजिन थांबलेलं असताना गव्हर्नरची वजनं मिटलेली असतात आणि स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवते. चालू करताना जास्त डिझेल मिळावं म्हणून ती रचनाच तशी आहे. त्यामुळे उभ्या इंजिनाचा रॅक चिकटतो तो बहुतेकदा पूर्ण डिझेलवरच. असं इंजिन पेटलं की लोड नाही, गव्हर्नरचा ताबा नाही, आणि काही सेकंदांत वेग इतका चढतो की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. एका जनरेटरवर मी हे पाहिलंय. मालकानं चावी काढून हातात धरली होती, मशीन ओरडत होतं, आणि एका हुशार मुलानं हवेच्या तोंडावर फळी दाबली म्हणून ते वाचलं. (दांडा ओढलेलाच राहून गेला असेल तर रॅक शून्यावरही चिकटतो. मग इंजिन चालूच होत नाही आणि लोक विनाकारण डिझेल फवारणारी नोझलं बदलतात.)

हे लक्षात ठेवून कामाला लागा. डिझेल जोडणं सगळ्यात शेवटी.

आधी नुसतं बघून घ्या. सायलेन्सरचं तोंड वर असेल आणि त्यावर झाकण नसेल तर पावसाचं पाणी ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलाय त्यात गेलेलं असू शकतं. उंदरांची घरटी एअर फिल्टरमध्ये, क्लच हाउसिंगमध्ये आणि वायरिंगच्या मागे शोधा. ब्रीदर पाईप (इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारी नळी) उघडून फुंकर मारा, तिथे गांधीलमाशा मातीचं घर करतात. तो तुंबला तर आतला दाब ऑइल सील बाहेर ढकलतो. एअर फिल्टर ऑइलच्या वाटीचा असेल तर ती वाटी उतरवाच. तिच्यात पाणी साचलेलं असतं, आणि पाण्यावर तरंगत ऑइल खुणेच्या वर गेलेलं असतं. तसं इंजिन चालू केलं तर ते ऑइल थेट आत ओढलं जातं आणि डिझेल तोडलं तरी इंजिन त्या ऑइलवर पळत राहतं.

मग चेंबरचा बोल्ट. तो पूर्ण काढू नका, खाली पारदर्शक बरणी धरून हळूहळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसलेलं असतं आणि आधी तेच येतं. पहिले थेंब स्वच्छ पाण्याचे आले, मग थोडी दुधाळ धार, मग काळं ऑइल, असं दिसलं तर पाणी उभं असताना शिरलंय. ते सायलेन्सरमधून, बाष्प साचून किंवा लायनरच्या (सिलिंडरमध्ये बसवलेल्या नळकांड्याच्या) ओ-रिंगेतून आलेलं असू शकतं. आणि सुरुवातीपासून सगळंच ऑइल कॉफीच्या रंगाचं असेल तर पाणी चालू इंजिनात घुसळलं गेलंय, म्हणजे "उभा केला तेव्हा उत्तम होता" ही आठवण पुन्हा तपासायला हवी. कितीही घाई असली तरी पाणी आहे का हे कळल्याशिवाय क्रँक फिरवायचा नाही. पाणी दबत नाही. एक लिटरच्या सिलिंडरला कॉम्प्रेशन रेशो १७:१ असेल तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ६२ मिलिलिटर. तेवढ्याहून जास्त पाणी आत असेल आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील तर सेल्फच्या एका झटक्यात रॉड वाकतो. थोडा वाकला तर इंजिन चालतंही, फक्त एक सिलिंडर कायम अशक्त राहतो आणि कारण सापडत नाही.

म्हणून नोझलं काढा. तिन्ही. हाय प्रेशर पाईप सुटले की लगेच पंपाच्या आणि नोझलाच्या तोंडांना टोप्या लावा, टोप्या नसतील तर स्वच्छ प्लास्टिक बांधा. नोझल हेडमध्ये कार्बननं धरलेलं असतं. बाजूनं टॉमी लावून उचकटू नका, आदल्या रात्री भोवती गंज सोडवणारं तेल सोडा, आणि सकाळी पान्यानं थोडं डावी-उजवीकडे हलवत वर घ्या. खालचं तांब्याचं वायसर भोकातच राहिलं असेल तर तारेचा आकडा करून काढा. जुन्यावर नवं वायसर बसलं की नोझल वर राहतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

आता टॉर्च लावून भोकातून जेवढं दिसतं तेवढं बघा. पाणी दिसलं तर पातळ नळी लावलेल्या सिरिंजनं ओढून काढा.

पुढे रॉकर कव्हर. इथे लोक घाई करतात आणि पुशरॉड मोडतात. क्रँक फिरवण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्हच्या देठावर तेल सोडा आणि रॉकर सैल करून किंवा टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतर ठरवणारे स्क्रू) पूर्ण ढिले करून व्हॉल्व्हच्या डोक्यावर मऊ हातोडीनं हलकी टिचकी मारा. मोकळा व्हॉल्व्ह खाली जाऊन टचकन वर येतो. अडकलेला एकतर हलत नाही, किंवा खाली जातो आणि तिथेच राहतो. उघडाच अडकलेला व्हॉल्व्ह सर्वांत धोक्याचा, कारण पिस्टन वर येताना त्याच्यावर आदळतो. त्याला तेल पाजून, डोकं पक्कडीत धरून गोल फिरवत, थोडा खाली थोडा वर असं करत सोडवायचा. तासभर लागला तरी चालेल. सगळे व्हॉल्व्ह टचकन वर येऊ लागेपर्यंत क्रँकला हात लावू नका.

बोअरमध्ये काय ओतायचं, यावर प्रत्येकाचं वेगळं मत असतं. माझी पसंती ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं, याला. दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून ओतताना दर वेळी बाटली हलवा. अ‍ॅसिटोन पटकन पेट घेतो, तेव्हा विडी-काडी, वेल्डिंग, ग्राइंडर सगळं लांब. अ‍ॅसिटोन नको असेल तर पातळ भेदक तेल चालतं, फक्त जास्त दिवस द्या. प्रत्येक भोकातून अर्धी वाटी सोडा आणि किमान दोन दिवस काही करू नका. हे तेल रिंगांमधून झिरपून खाली चेंबरमध्ये जाणार आहे, म्हणून नवं ऑइल आत्ताच भरू नका.

त्याच दिवशी पंपातही स्वच्छ नवं डिझेल भरून ठेवा. रोटरी पंप असेल, सीएव्ही डीपीए किंवा त्याच धर्तीचा, तर हे विसरू नका. त्याचा रोटर डिंकानं धरलेला असताना क्रँक फिरवला तर पंपाची ड्राइव्ह शाफ्ट तुटते आणि चांगला पंप वाया जातो.

दोन दिवसांनी क्रँक पुलीच्या नटवर मोठा सॉकेट आणि लांब दांडा लावा. फॅनच्या नटवर लावू नका, पट्टा घसरतो आणि काही कळत नाही. त्याआधी पट्टा सैल करून काढा, गिअर न्यूट्रलमध्ये, पीटीओ (अवजारं फिरवणारी मागची शाफ्ट) बंद. याचं कारण आहे. "इंजिन जाम आहे" म्हणून हेड उघडायला निघालेल्या कित्येक मशीनमध्ये इंजिन मोकळं असतं, वॉटर पंपाचं नाहीतर डायनमोचं बेअरिंग धरलेलं असतं, किंवा हायड्रॉलिक पंप. काय जाम आहे हे आधी वेगळं करून घ्या.

दांड्याला इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनं हळू दाब द्या आणि तसाच धरून ठेवा. हिसका द्यायचा नाही. नोझलं काढलेली असल्यामुळे कॉम्प्रेशनचा अडथळा नाही, भोकांतून नुसती हवा सुस्कारा टाकल्यासारखी येईल. बोअर कोरडा असेल तर सगळीकडे सारखा जडपणा लागतो, तो चालेल. मधेच एकाच जागी टणक, धातूवर धातू असा अडथळा लागला तर तिथेच थांबा. तो गंज नसतो, व्हॉल्व्ह किंवा आत पडलेलं काहीतरी असतं. आणि मुळीच हललं नाही तर दाब उलट दिशेनं द्या, मग पुन्हा सरळ. दोन मिलिमीटर जरी डोललं तरी लढाई जिंकलीत असं समजा. तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा डोलवा. चार मिलिमीटर, मग बोटभर. डोलणं वाढत गेलं की एके दिवशी ते पूर्ण फिरतं. मी यात आठवडे घालवलेत आणि मला तो वेळ कधी फुकट वाटला नाही, कारण असं सुटलेलं इंजिन रिंगा शाबूत ठेवून सुटतं.

पंधरा-वीस दिवसांतही हललं नाही तर हेड उतरवा. हेड निघाल्यावर पिस्टनवर घण घालण्याची इच्छा होते, ती आवरा. आधी पिस्टनच्या वरचा उघडा बोअर बारीक पॉलिश पेपरनं आणि तेलानं गंज जाईपर्यंत साफ करा. पिस्टन वर ढकलला आणि वाटेत गंजाची कड असेल तर वरची रिंग तिथेच तुटते. मग कठीण लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून मध्यम हातोडीनं, क्रँकला दाब देत, खालच्या बाजूला ठोका. इंजिन वेट लायनरचं (लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं असं) असेल तर हेड काढल्याबरोबर लायनर बोल्ट आणि मोठ्या वायसरांनी दाबून धरा. नाहीतर पिस्टनबरोबर लायनरच वर उचलला जातो, खालच्या ओ-रिंगा कापल्या जातात आणि कूलंट चेंबरमध्ये उतरतं. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर इथून पुढे अनुभवी मिस्त्री जवळ असू द्या.

इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरलं आणि त्या दोन फेऱ्यांत प्रत्येक रॉकर खाली जाऊन वर आला, की मोठी अडचण संपली.

आता पाण्याची परीक्षा. रेडिएटर आणि ब्लॉकमध्ये साधं स्वच्छ पाणी भरा, चेंबरचा बोल्ट काढलेला ठेवा, खाली कोरडा कागद पसरा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी कागदावर पाण्याचा डाग असेल तर लायनरच्या ओ-रिंगा, लायनरला पडलेलं बारीक छिद्र किंवा हेड गॅस्केट, यांपैकी काहीतरी गेलंय. हे आत्ता कळलं तर एक गॅस्केट-सेटचं काम आहे. नव्या ऑइलमध्ये मिसळून कळलं तर बेअरिंगं जातात. कागद कोरडा राहिला तर पाणी सोडून द्या, होज पाईप बदला, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो का बघा, आणि गंजरोधक कूलंट भरा. नुसत्या पाण्यावर वेट लायनर बाहेरून, पाण्याच्या बाजूनं, खाल्ले जातात.

बोअरमध्ये उरलेलं तेल सिरिंजनं ओढून घ्या, चेंबर पूर्ण रिकामा करा, नवा ऑइल फिल्टर ऑइलनं भरून बसवा, चेंबरमध्ये ताजं १५डब्ल्यू-४० भरा. महाग ऑइल नको, हे थोड्याच तासांत काढायचंय. रॉकरवर, पुशरॉडच्या वाट्यांत हातानं ऑइल सोडा. टर्बो असलेलं मशीन असेल तर त्याचं चाक बोटानं फिरवून बघा आणि त्याच्या ऑइल पाईपातून ऑइल ओता, कारण टर्बोचं बेअरिंग सगळ्यांत आधी कोरडं पडतं.

बॅटरी आत्ता लागणार आहे. पण त्याआधी सेल्फ उतरवून त्याचे ब्रश मोकळे आहेत का बघा, अर्थिंगची जागा घासून लख्ख करा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदला. नोझलं बाहेर असतानाच, डिझेल न जोडता, दहा सेकंद सेल्फ मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. भोकांवर कापड टाका आणि समोर उभे राहू नका, उरलेलं तेल फवाऱ्यासारखं उडतं. अ‍ॅसिटोन वापरला असेल तर शेडची दारं उघडी ठेवा. काही फेऱ्यांत ऑइल प्रेशरचा काटा हलला पाहिजे. नाही हलला तर घाबरू नका, आधी मीटरचा पाईप सैल करून तिथून ऑइल येतं का पाहा, मीटरच मेलेलं असू शकतं. ऑइलच येत नसेल तर पंप कोरडा पडलाय, त्याच भोकातून ऑइलकॅननं ऑइल दाबा आणि पुन्हा फिरवा. रॉकरवर ऑइल पोहोचलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

टाकीतल्या डिझेलबद्दल चर्चाच नको, सगळं काढा. डिझेल वर्षभराच्या आत बिघडायला लागतं, बायोडिझेल मिसळलेलं त्याहून लवकर, आणि ते पाणीही जास्त धरतं. तळाच्या पाण्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळी बुळबुळीत साय तयार होते. ती औषध टाकून जात नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. पण पहिल्या चालवण्यासाठी टाकी लागतच नाही. एक स्वच्छ कॅन पंपापेक्षा उंच टांगा, तळाशी कॉक, तिथून नवा फिल्टर, तिथून पंप. रिटर्नचा पाईप वेगळ्या बरणीत सोडा. त्या बरणीत पहिल्यांदा चहाच्या रंगाचं, नंतर स्वच्छ डिझेल येताना दिसेल, आणि पंप आतून किती धुतला गेलाय याचा अंदाज येईल.

आता पंप, जिथून या उत्तराची सुरुवात झाली. इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर, सगळे एका रांगेत) असेल आणि त्याला बाजूचं झाकण असेल तर ते काढा. आत प्लंजरांच्या स्प्रिंगा दिसतील. स्टॉपचा दांडा कुणाला तरी हलवायला सांगा आणि रॅककडे बघत राहा. तो बोटाच्या दाबानं सरकला पाहिजे आणि सोडल्यावर स्वतःहून परत आला पाहिजे. "परत आला पाहिजे" हे जास्त महत्त्वाचं. सरकतो पण हळू, अडखळत परत येतो, असा रॅक मी पास करत नाही. मग क्रँक हातानं फिरवा आणि प्रत्येक प्लंजर वर जाऊन खाली येतो का मोजा. एखादा वरच राहिला तर तो धरलाय. स्वच्छ डिझेल सोडून, वाट बघून सोडवा, स्क्रूड्रायव्हरनं दाते उचकटू नका. प्लंजर आणि बॅरलमधलं अंतर दोन-तीन मायक्रॉन असतं, तिथे एक ओरखडा म्हणजे तो एलिमेंट गेला. रोटरी पंपात वरचं झाकण काढून मीटरिंग व्हॉल्व्हचा हात अगदी हलक्या बोटानं हलतो का एवढंच बघा. नाही हलला तर पंप उतरवून पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे द्या. नोझलंही त्याच्याकडेच तपासून घ्या: ठरलेल्या दाबाला उघडतात का, फवारा धुक्यासारखा पडतो का, नंतर थेंब गळतो का. जुन्या इंजिनांत हा दाब साधारण १७५ ते २५० बार असतो. नोझल स्वतः बाहेर काढून फवारा बघण्याचा मोह टाळा. तो फवारा कातडी भेदून आत जातो, जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हात जाण्याची वेळ येते. तसं झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

नवी वायसरं टाकून नोझलं बसवा आणि एअर काढा. कॅनकडून सुरुवात: फिल्टरवरचा स्क्रू बुडबुडे जाईपर्यंत उघडा, मग पंपावरचा, आणि शेवटी नोझलांकडचे पाईप-नट अर्धा फेरा सैल करून, रेस पूर्ण उघडून, सेल्फवर डिझेल उसळेपर्यंत. हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाला लागू. कॉमन रेल इंजिनात हजार बारच्या वर दाब असतो, तिथे पाईप सैल करणं जिवावर बेतेल.

पाईप घट्ट करण्याआधी थांबवण्याची तयारी पूर्ण करा. हवेचा होज काढून मॅनिफोल्डचं तोंड उघडं करा. त्यापेक्षा मोठी सपाट पत्र्याची प्लेट किंवा जाड फळी, तिला एका बाजूनं रबर, आणि ती तोंडावर नीट बसते का हे इंजिन बंद असतानाच करून बघा. एक माणूस फक्त त्या कामावर. त्यानं फॅनच्या किंवा फ्लायव्हीलच्या रेषेत उभं राहायचं नाही. तळहात कधीच नाही. कापडही नाही, ते आत ओढलं जातं. कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक असेल तर जवळ ठेवा, तोही हवेच्या तोंडात सोडता येतो. कॅनचा कॉक बंद करणं हा उपाय धरू नका, फिल्टर आणि पंपात मागे राहिलेल्या डिझेलवर इंजिन आणखी बराच वेळ पळतं. क्लच सुटतो का हेही आत्ताच बघा: गिअर टाकून, पेडल दाबून, ट्रॅक्टर मागे-पुढे ढकला. प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली असेल तर चालू झालेला ट्रॅक्टर गिअरमध्ये पडल्यावर थांबणार नाही. पेडल लाकडाचा टेकू देऊन दाबून ठेवा, इंजिन तापलं की बहुतेक वेळा ती सुटते.

ईथरचा स्प्रे मारू नका. तो डिझेलपेक्षा खूप कमी तापमानाला पेटतो, पिस्टन वर पोहोचण्याआधीच धक्का देतो, आणि चिकटलेल्या रिंगांच्या खाचा तोडतो. हीटर प्लग चालू असताना मारला तर मॅनिफोल्डमध्येच भडका. कॉम्प्रेशन आहे, डिझेल नोझलापर्यंत पोहोचतंय, सेल्फ जोरात फिरतोय, एवढं असेल तर स्प्रेची गरज पडत नाही. फिरताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर दोष बॅटरीत किंवा अर्थिंगमध्ये शोधा.

चालू झालं की पहिली दहा सेकंदं नजर फक्त ऑइल प्रेशरवर. काटा वर आला नाही तर बंद. आला तर रेस हजारच्या आसपास धरा आणि लगेच एकदा स्टॉप ओढून इंजिन बंद करून बघा. ते बंद झालं, म्हणजे ताबा तुमच्याकडे आहे. मग पुन्हा चालू करा. पांढरा धूर सुरुवातीला येणारच, तापल्यावर जायला हवा. गेला नाही आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय असं दिसलं तर पाणी जळतंय. निळा धूर रिंगांचा. त्यासाठी लगेच इंजिन उघडू नका.

रिंगा मोकळ्या होतात त्या लोडवर. अनेक जण जपायचं म्हणून तासन्तास रिकाम्या रेसवर ठेवतात, आणि त्यानं उलट नुकसान होतं, बोअर गुळगुळीत होऊन बसतो आणि न जळलेलं डिझेल रिंगांमागे साचतं. एअर फिल्टर नीट बसवा, इंजिन तापू द्या, आणि हलकं काम द्या. मग थोडं जड. निळा धूर बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांच्या कामात उतरतो. तसंच पुढच्या सीलमधून गळणारं ऑइलही, सुकलेली रबराची कड ओली झाली की पुष्कळदा थांबतं.

दहा तासांच्या कामानंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, टॅपेट पुन्हा लावा. त्या दहा तासांत रोज सकाळी डिपस्टिक बघा. पातळी कमी झालेली चालेल, वाढलेली चालणार नाही. वाढली असेल तर ऑइलचा थेंब बोटांवर चोळा आणि वास घ्या. पातळ आणि डिझेलचा वास आला तर फीड पंपाचा डायाफ्राम किंवा पंपाचा शाफ्ट सील फाटलाय. त्या दिवशी सेल्फ मारू नका, कारण चेंबर भरत गेला की इंजिन ब्रीदरमधून तेच मिश्रण ओढून त्यावर पळू लागतं. डायाफ्राम बदलून आणि ऑइल काढून टाकूनच पुढचं काम.